रुमालाखालची शर्यत

आमचे शेजारी नाना सायकलस्वारांचे दात बघत. सगळी उमर धुळ्याच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेली, सायकलीला कधी हात लावला नाही. पण शर्यतीच्या सकाळी ते स्वारांच्या रांगेतून फिरत, पोटऱ्या दाबत, एकेकाला "आ कर" म्हणत. बिचारे करत.

शर्यतीतलं पाणी, लिंबं, आयोडीन आणि चुना माझ्याकडे असे, म्हणून नानाही माझ्याच वाट्याला आले. बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, तसं ते स्वार कितवा येणार ते सांगत. चारचौघांत बोलून दाखवणं त्यांना हलकं वाटे.

मोसमात शर्यती तीन: धुळे, जळगाव, पिंपळनेर. बक्षिसांवर पोट भरणारे तेच पाच-सात स्वार तिन्हीकडे. कोण कुठे ढिला पडला, याची नाना तासन्‌तास तुलना करत. "बठ्ठा खुराकना खेळ शे," म्हणत; म्हणजे सगळं खाण्यावर. धुळ्याचा पहिला जळगावला मागे पडला, तेव्हा त्याला सरकी चारायचा सल्ला दिला.

एकाच स्वाराच्या पोटऱ्या ते दाबत नसत. तो मुरली, त्यांचा एकुलता मुलगा. दलाली करायची नाही म्हणून भांडून सायकलवर बसला तो घरी परतलाच नाही. नाना त्याला रस्त्यापलीकडून बघत. धुळ्याला रुमालाखाली तीन बोटं दाबली, मुरली तिसरा आला. जळगावला पाच, तर पाचवा. पोरगा घसरतोय आणि तुम्ही खुशीत कसे, असं मी विचारलं.

"पाय थकना म्हंजे घर येई, भाऊ."

पिंपळनेरला नाना स्वतःचा छकडा हाकत आले. चांगली दोन दिवसांची वाट. मागे सायकल आडवी मावेल एवढ्या जागेत गवत पसरलेलं. त्या सकाळी त्यांनी कुणाचे दात बघितले नाहीत, रुमालही काढला नाही.

मुरली सगळ्यांत शेवटी आला, लंगडत. मी त्याला लिंबूपाणी दिलं, छकडा दाखवला. त्यानं गवताकडे बराच वेळ पाहिलं.

"नानांना सांगा, सायकल इथंच विकली. सुरतेला गिरणीत काम मिळालंय."

आणि सुरतेकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत जाऊन बसला.

मी निरोप सांगितला. खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकून नानांनी आत हात घातला. मी बोटांची वाट बघत राहिलो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. मोटारीची धूळ बसेपर्यंत हात नुसता धरून ठेवला.