दोनशे चौदा लाजऱ्या कोंबड्या

"असा अर्ज लिहिलाय, की वाचणारा जागचा उठून तळ्यावर धावत येईल!" असं बायकोला बजावून निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी पाकीट चिकटवलं. घरामागच्या पाणथळीत सोमवारपासून मातीचा भराव पडणार होता, गाड्या उभ्या करायला. अकरा वर्षं मास्तर तिथं रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसायचे आणि बगळे, ढोकऱ्या, खंड्या, साऱ्यांची हजेरी घ्यायचे. वर्गातल्या पोरांचीही इतक्या मायेनं घेतली नव्हती. तळं बुजलं तर आपणही संपलो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून अर्जाला पक्ष्यांची यादी जोडली आणि वरच ठळक लिहिलं, 'लाजऱ्या पाणकोंबड्या : २१४'.

सरकारी कचेरीतल्या आवक-जावकच्या कारकुनानं तेवढंच वाचलं. 'पाण' म्हणजे मास्तरांचा हात घसरला असणार, म्हणून ते लाल शाईनं खोडलं आणि अर्ज पशुवैद्यकीय खात्याकडे धाडून मोकळा झाला!

शनिवारी सकाळी दारात जीप उभी. आत गुरांचे डॉक्टर, मोजून दोनशे चौदा लसी आणि एक जाळं. मास्तरांना वाटलं, पाहणीला साहेब आले. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय घालता? मास्तर अभिमानानं म्हणाले, काही नाही, त्यांचं त्या बघतात. मग रात्री कुठं ठेवता? गवतात! इतका बेफिकीर माणूस डॉक्टरांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. तणतणत ते जाळं घेऊन तळ्यात उतरले. पाणकोंबड्या शेपट्या उडवत लव्हाळ्यात पसार झाल्या आणि डॉक्टर कमरेपर्यंत चिखलात रुतले. ओढून काढलं, तेव्हा एक बूट तळ्यालाच गेला.

आता कुठं मास्तरांची ट्यूब पेटली. "अहो डॉक्टर, या पाळीव नाहीत हो."

"ते दिसतंच आहे. काडीची शिस्त नाही." डॉक्टरांनी चिखलाच्या हातानंच हुकूम लिहिला. "दोनशे चौदाच्या दोनशे चौदा टोचून होईपर्यंत इथं एक गाडी आत येणार नाही, की मातीचं ढेकूळ हलणार नाही!"

मास्तर खरं काय ते सांगणार, तोच बायकोनं असा चिमटा काढला, की शब्द घशातच राहिला.

सोमवारी मातीचे ट्रक आल्या पावली परत गेले. मास्तरांना आनंदानं रडूच फुटलं. दुपारी खात्याची नोटीस आली, ती बायकोनं मोठ्यानं वाचली. "सर्व कोंबड्या सूर्यास्तापूर्वी खुराड्यात कोंडणे मालकावर बंधनकारक आहे."

"पण तळं वाचलं ना?" मास्तर म्हणाले.

"वाचलं हो. आता जा, कोंडून या."

तेव्हापासून मालक रोज संध्याकाळी तळ्याकाठी उभे राहून "या गं, घरी चला" अशी हाक मारतात. फक्त अगदी हळू मारतात. न जाणो, एखादी खरंच आली, तर तिला टोचून घ्यावं लागेल!