शालिकभाऊंची चार्जरखरेदी

सक्करदऱ्यातील आमचे शेजारी शालिकभाऊ यांच्या दारात एका सायकलीव्यतिरिक्त वाहन नाही. तथापि विजेवर चालणाऱ्या मोटारीचा चार्जर त्यांनी आजवर अनेकदा खरेदी केलेला आहे. प्रत्येक खरेदीपूर्वी ते दाढी करतात, इस्त्रीचा सदरा चढवतात आणि मोबाइलसमोर ताठ बसतात.

खुलासा असा. त्यांची एकुलती कन्या वैशाली पुण्यात नोकरीस आहे. घरबसल्या मोबाइलवरून चार्जर विकत घेण्याची पाने ती तयार करते आणि ती सामान्य माणसास उमगतात की नाही, हे व्हिडिओ कॉलवर वडिलांकडून तपासून घेते. खरेदी लुटुपुटूची, चार्जर कधी येत नाही. नियम एवढाच, की वडिलांनी मनात येईल ते मोठ्याने बोलायचे आणि कन्येने मदत न करता पाहत राहायचे.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. भाषेचा जाणकार म्हणून शालिकभाऊ मला शेजारी बसवून घेतात.

पहिल्याच वेळी पानाने विचारले, घरी सिंगल फेज आहे की थ्री फेज?

"हे फेज म्हणजे काय असते वं?"

मी थक्क झालो. हा मनुष्य कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला! मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. मग त्यांनी पत्ता चुकवला, चार्जरचा रंग बदलला, पुन्हा मागे गेले.

"बाबा, रंग तर मघाच घेतला ना तुम्ही!"

"निळा बरोबर नाही दिसून राहिला. आपली भिंत हिरवी आहे."

कॉल संपल्यावर मी जाब विचारला. ते म्हणाले, "मले समजलं म्हटलं का पोरगी फोन ठेवते गा. एरवी फोन म्हणजे काय? जेवले का, गोळी घेतली का, झालं! इथं पोट्टी टक लावून पाहते मले."

परंतु कन्या हुशार. वडील जेथे अडखळत, तेवढे पान ती पुढच्या वेळी सोपे करून आणी. फेजचा प्रश्न गेला, पत्ता आपोआप भरू लागला. प्रत्येक सुधारणेगणिक बापलेकीची भेट आखडत चालली.

"शालिकभाऊ, हरकतीचा अर्ज लिहून देऊ का?" मी गांभीर्यपूर्वक विचारले.

"काय लिहिशीन? पोरीनं काम चांगलं केलं म्हणून?"

गेल्या रविवारी अखेरची चाचणी झाली. अडखळण्यास जागाच उरली नव्हती. पानांमागून पाने सरकली आणि शेवटचे बटण आले: 'ऑर्डर पक्की करा.' शालिकभाऊंचे बोट त्यावर अधांतरी राहिले.

"काहून थांबले, बाबा? बटण दिसून नाही राहिलं का?"

"दिसते."

"मग मनात काय आहे ते बोला ना."

नियम मोडणे शालिकभाऊंच्या स्वभावात नाही.

"हे दाबलं का तू जाशीन."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नका दाबू मग," वैशाली म्हणाली. "मी चहा ठेवते. तुम्हीही ठेवा."

शालिकभाऊंनी बोट मागे घेतले आणि चेहरा तिला दिसत राहील अशा बेताने मोबाइल धरून ते स्वयंपाकघराकडे निघाले. मला 'बसा' म्हणायचे त्यांच्या ध्यानी राहिले नाही. मी चपला घातल्या.