अण्णांच्या अंगावर गाडी

आमच्या लिंबागणेशात ब्रेकचं काम केलेली गाडी परत न्यायची, तर आधी ती मेकॅनिकच्या अंगावर घालावी लागते. भगवान अण्णा रस्त्याच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहतात आणि मालकाला सांगतात, "तीसच्या स्पीडनं या. त्या दगडापशी ब्रेक दाबा. भ्यायचं न्हाई, मी हाय ना म्होरं!" भीती नेमकी त्याचीच असते, हे त्यांना आजवर कुणीच पटवून देऊ शकलेलं नाही.

अण्णा पूर्वी एका सहकारी कारखान्याच्या वर्कशॉपला होते. पाणी आटलं, ऊस गेला, कारखाना थंडावला आणि अण्णांनी रस्त्याकडेच्या लिंबाखाली गॅरेज टाकलं. इंजिनाचं काम करतात, पण सावत्र पोराला जेवू घातल्यासारखं. जीव सगळा ब्रेकात. "इंजन बंद पडलं तर मानूस घरी उशिरा येतो. ब्रेक गेला तर येतच न्हाई," हे वाक्य ते चहाबरोबर फुकट देतात.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. जनावरं चारा छावणीला गेल्यापासून सोसायटीत दूध कमी आणि बसायला येणारी माणसंच जास्त. त्यांचं मनोरंजन म्हणून मी अण्णांची नक्कल करीत असे. घडी घातलेले हात, ताणलेली मान, सगळं मला हुबेहूब जमायचं.

पण त्या दुष्काळात, दसरा झाल्यावर, माझी लेक वैशाली बाळंतपणाला आली. डॉक्टरांनी तारखेच्या आधीच बीडला येऊन राहायला सांगितलं होतं. बीड म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरणं आलं, आणि माझ्या जुन्या कारचे ब्रेक शंभर टक्के देवाच्या भरवशावर. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुकाट्यानं गाडी अण्णांकडे नेली.

दुपारी काम झालं. मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण ब्रेकचा लाल दिवा काही विझेना. अण्णांचा चेहरा पोलीस दारात आल्यासारखा झाला.

आमचे सोसायटीचे चेअरमन तिथं चहा पीत होते. ते म्हणाले, "वायर काढा की वो त्याची! ब्रेक लागतोय ना? मग दिव्याचं एवढं काय?"

"कुत्रं भुंकाया लागलं तर कुत्र्याचं तोंड बांधता का चोर बघता?" अण्णा कडाडले. चेअरमननी चहात लक्ष घातलं.

मग तपास सुरू झाला. हँडब्रेक पूर्ण खाली होता. चारी चाकं पुन्हा उघडून पाहिली; तेल कुठं गळत नव्हतं. ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी खुणेपर्यंत भरलेली. अण्णांनी टाकीच्या झाकणाची वायर सोडली तसा दिवा विझला, जोडली तसा लागला.

"राहू द्या की वायर सुटलेली," मी हळूच म्हणालो. उन्हानं माझाही धीर सुटला होता.

"सेक्रेटरी, लेकीला न्यायचंय ना घाटानं?" एवढंच ते म्हणाले.

त्यांनी झाकण उघडलं. त्याला आत एक तरंगता गोळा असतो. तेल कमी झालं की तो खाली जातो आणि दिवा लागतो. तेल भरपूर असूनही हा गोळा खालीच अडकून बसला होता. अण्णांनी तो बोटांनी चोळला, बोट उजेडात धरलं. बारीक रेती.

"चूक माझी हाय," अण्णा म्हणाले.

मी थक्कच झालो. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस गावात सापडणार नाही. झालं होतं असं, की एरवी ते झाकण उघडायच्या आधी सगळं पाण्यानं धुऊन घेत. पण टँकर चार दिवस आला नव्हता, म्हणून त्यांनी कोरड्या फडक्यानं धूळ झटकली आणि तीच आत पडली. त्यांनी सगळं तेल काढून फेकलं, टाकी साफ केली आणि चारी चाकांपर्यंत नवं तेल भरलं. दिवा विझला. मग नेहमीप्रमाणे रस्त्यात उभे राहिले. मी त्यांच्यापासून चार हातांवर थांबलो आणि घाम पुसला. त्यांनी पुसला नाही.

सकाळी आम्ही निघालो. घाटात आरशात पाहतो तर मागं अण्णांची मोटारसायकल! मी हळू झालो की तेही हळू. घाट संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली. अण्णा वैशालीच्या खिडकीशी आले.

"धक्का बसला का गं, माय?"

"न्हाई अण्णा. मला तर डोळा लागलता."

अण्णा खूश झाले. मग टपावर हात ठेवून म्हणाले, "आमची लेक सुनीता बी पोटुशी हाय, आठवा महिना. सासर तलवाड्याचं, पाऊस न्हाई, रान पडीक. टोळीसंगं ट्रकमधी बसून ऊसतोडीला गेली. मला फोन केला तो बी निघाल्यावर. तिच्या ट्रकचे ब्रेक कोनी बघितले, कुनास ठाऊक."

मला माझ्या नकलेची लाज वाटली. सरळ सांगतो, लई लाज वाटली.

"तिला आत्ता लावा ना फोन," वैशाली म्हणाली.

"फडात रेंज नसती." तरी त्यांनी लावून पाहिला. लागला नाही. "जावा, ऊन व्हायच्या आत पोचा."

"पोचले की पहिला फोन तुम्हालाच करीन, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. आम्ही बरेच पुढं गेलो तरी ते मोबाइल हातात धरून तिथंच रस्त्याच्या कडेला उभे होते.