वाळवंटाच्या बॅगेतली कानटोपी

मामांच्या मते, ज्याच्या नजरेतून काहीही सुटत नाही असा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो त्यांना रोज दाढी करताना भेटायचा. आपल्या चष्म्याच्या दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग ते कायम खिशात बाळगत. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हरवलेल्या चपला तासाभरात शोधून काढल्या होत्या. त्या त्यांच्याच पायात सापडल्या, हा तपशील ते गौण मानत.

त्यांची सहायक म्हणजे त्यांची भाची. भिंग पुसायचं, "कमाल आहे, मामा!" म्हणायचं आणि मामांनी पकडलेल्या गुन्हेगाराची मागाहून माफी मागून यायचं, ही तिची कामं. ती आज नोकरीसाठी वाळवंटातल्या एका रणरणत्या शहरात निघाली होती. टॅक्सी कुठल्याही क्षणी येणार होती, आणि मामांनी नेमकी तेव्हाच तिची बॅग पलंगावर उपडी केली.

सुती कपडे, गॉगल, उन्हाची टोपी. आणि तळाशी लोकरीची कानटोपी, हातमोजे, गादीएवढं जाड जॅकेट!

"घातपात!" मामा ओरडले. "ऐन भट्टीत हातमोजे? कुणीतरी तुला उकडून मारायला टपलंय."

"मामा, अरे..."

"मध्ये बोलू नकोस, धागा तुटतो. नाहीतर मग तू वाळवंटात जातच नाहीयेस. तू पळून चालली आहेस. बर्फात! मुलगा गिर्यारोहक आहे, आणि त्याला दाढी आहे."

"दाढी कशावरून?"

"कानटोपी एकच आहे. त्याला गरज नाही."

खरं सांगायचं तर मामांना काहीतरी काळंबेरं हवंच होतं. ते निघालं असतं तर पोरीचं जाणं टळलं असतं. तिच्याशिवाय घर खायला उठणार, हे त्यांना कुठल्याही भिंगाशिवाय दिसत होतं.

तेवढ्यात मामांच्या ताई, म्हणजे भाचीची आई, इस्त्रीचे कपडे घेऊन आत आल्या. "काय गं, हे लोकरीचं कशाला?"

"आई, मासे गोठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम आहे ना माझं. आत कुडकुडायला होतं."

मामांचं भिंग हवेतच राहिलं. "हे मला कुणी सांगितलं नाही!"

"दोनदा सांगितलं," भाची म्हणाली. "तेव्हा तू शेजारच्या मांजराची चौकशी करत होतास."

बाहेर हॉर्न वाजला. तिघांनी मिळून सगळं बॅगेत कोंबलं, पण चेन काही लागेना. भाचीने रेटली, ताईंनी दाबली. शेवटी मामांनी आपला सगळा अधिकार गोळा केला आणि ते बॅगेवर बसले. चेन सरकन लागली.

"कमाल आहे, मामा!" भाची म्हणाली. या वेळी अगदी मनापासून.

हॉर्न पुन्हा वाजला. मामा जागचे हलले नाहीत.

"मामा, ऊठ ना आता."

"थांब जरा," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तपास अजून चालू आहे."