कूलरमधला गुलाब आणि माणिकबाईंचा गुडघा

माणसाचं मन कवितेनं हसतं आणि सुगंधानं उठून बसतं, यावर माझा पक्का विश्वास! आणि एकदा विश्वास बसला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही!

आमच्या सासूबाई, वलगावच्या माणिकबाई, गुडघ्याची वाटी बदलून राजापेठेत आमच्याकडे राहायला आल्या. डॉक्टर म्हणाले, "गुडघा ठणठणीत आहे. आता चालायचं!" पण बाईंनी पडण्याची अशी धास्ती घेतली, की सव्वा महिना पलंगापासून दूर जाईनात. शेतात दहा मजुरांना एकटी पुरून उरणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली! वर्षाली, म्हणजे माझी बायको, न्हाणीघरात जाऊन गुपचूप रडायची.

"मन प्रसन्न झालं की पाय आपोआप उठतात," मी तिला सांगितलं. "संध्याकाळी पाचला कविता आणि सुगंध. आठवड्याभरात आई फुगडी खेळतात का नाही, पाहा!"

"तुमी त्याईले घाबरवू नका, म्हंजे झालं," ती म्हणाली.

मी गुलाबाचं अत्तर आणलं. मे महिना, त्यामुळे कूलर चालूच. टाकीत चार थेंब टाकायचे, बस्स! पण बूच घट्ट बसलेलं. दातानं ओढलं, तर अख्खी बाटली टाकीत! तुरीतून रानडुक्कर सुटावं तसा गुलाब सुटला. घरात भरला, दारातून निघाला, गल्लीत शिरला! वास दाबायला मी वीस उदबत्त्या एकदम पेटवल्या. धुरानं डोळ्यांतून घळाघळा पाणी! पण पाच वाजले होते आणि कविता माझी स्वतःची होती. कूलरच्या घरघरीवर मात करत, दाटल्या गळ्यानं मी सुरू केलं,

"ऊठ वो माय, ऊठ आता,
अंगण रडे तुझ्याविना!
बोल एकदा, पाय टाक,
घर हे सुनं तुझ्याविना!"

समोरच्या शकुनकाकूंना गुलाबाचा वास आला, उदबत्तीचा धूर दिसला आणि माझा हंबरडा ऐकू आला. त्यांनी पदर तोंडाला लावला! पाच मिनिटांत फाटकात वीस माणसं. शेजारचे देवीदासभाऊ खांद्यावर दुपट्टा टाकून आले आणि मला मिठीच मारली.

"हिंमत ठेव, शेखर! वलगावले फोन केला मी. निंघाले ते लोकं."

"काहून?"

भाऊ मागे वळून लोकांना म्हणाले, "धक्क्यानं असं होते. माणूस भलतंच बोलते."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन गेलं वो?"

"तुमीच ना, माणिकबाई!" शकुनकाकू दारातून म्हणाल्या, आणि मग स्वतःच किंचाळल्या!

माणिकबाई उठल्या. वॉकर धरला आणि टक् टक् करत थेट ओसरीवर!

"मी मेली? कोन म्हन्ते? यंदाची पेरनी व्हाची हाय माही!"

"आई!" वर्षाली ओरडली. "आई, तू चालून राहिली!"

बाईंनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचे पाय पाहावेत तसे स्वतःचे पाय पाहिले. एक पाऊल उचललं. मग आणखी एक. वर्षालीचे डोळे भरून आले, आणि तिच्याजवळ तर उदबत्तीही नव्हती!

अर्ध्या तासानं वलगावचा ऑटो आला. त्यातून बाईंची धाकटी बहीण चंदा गळा काढतच उतरली. माणिकबाई तिला आणायला फाटकापर्यंत चालत गेल्या! "रडू नको वो चंदे, मी हाय! पह्यले च्या घे." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, की सांत्वनाला आलेले सगळे पोहे खाऊनच गेले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाईंची चाल पाहून विचारलं, "रोज एवढं चालता? कशानं जमलं हो हे?"

"जवाईबापूच्या कवितेनं!" बाई म्हणाल्या.

मी कॉलर ताठ केली. वर्षालीकडे पाहिलंसुद्धा!

"ते रोज पाच वाजता कविता वाचाले बसतेत ना," बाई पुढं म्हणाल्या, "तवा मी घराच्या बाहेर निंघते. मंग त्याईचं होयेपर्यंत फिरनंच पडते!"