केतकरांच्या खुर्चीतला झ्यूस

"कागद? मला कागद लागतोय होय? अहो, चाळीस वर्षं मार्केट यार्डात हमाली केली मी! कुठल्या गाळ्यात कुणाचा कांदा, ते डोळे मिटून सांगायचो. तीन देव म्हणजे तीन थप्प्या. त्यात काय अवघड?"

संपतराव ओव्हाळांनी हे इतक्या जोरात सांगितलं, की शेजारच्या दोन घरांनाही ते कळलं. त्यांची बायको राधाबाई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"डोळे मिटूनच नाशिकचा माल साताऱ्याच्या गाडीत चढवला होतात. तेही सांगा तिथं," ती म्हणाली.

'तिथं' म्हणजे नारायण पेठेतल्या सुबोध ज्येष्ठ वाचक मंडळात. संपतराव अक्षरं शिकले बासष्टाव्या वर्षी, नातीच्या, अस्मिताच्या पाटीवर. आता सत्तरी आली होती. दुकानांच्या पाट्या वाचून झाल्या, औषधांची खोकी झाली, भेळेचा कागदसुद्धा भेळ संपायच्या आधी वाचून व्हायचा. आता त्यांना हवं होतं मंडळाचं कार्ड. ते मिळालं की काचेची दोन कपाटं भरून पुस्तकं घरी न्यायला मोकळी!

पण मंडळ पुण्यातलं. तिथं पुस्तकांपेक्षा नियम जास्त. नव्या माणसानं पंधरा मिनिटं भाषण करायचं, कागद न बघता. मध्येच अडकला, तर कार्ड पुढच्या वर्षी. विषय चिठ्ठी टाकून. संपतरावांनी स्टीलच्या डब्यात हात घातला आणि चिठ्ठी निघाली: 'ग्रीक पुराणकथांतील देवांचे कार्य'.

मंडळाचे चिटणीस बाळ केतकर. वय शहात्तर, नाव बाळ. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ओव्हाळ, आपण बौद्ध. आपल्याला देवांचं वावडं. चिठ्ठी बदलून देऊ? तसा नियम नाही, पण आपल्यासाठी म्हणून."

'आपल्यासाठी म्हणून' हे शब्द संपतरावांना शंभर किलोच्या पोत्यासारखे लागले.

"वावडं पूजेचं आहे, केतकर. गोष्टीचं नाही," ते म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घातली.

अस्मितानं ग्रीक कथांचं एक पातळसं मराठी पुस्तक आणून दिलं. संपतरावांनी ते ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं. गोष्टी पक्क्या बसल्या, पण नावं? झ्यूस, पोसायडन, अथीना! बेडकांनी पाण्यात उड्या माराव्यात तशी ती डोक्यातून निसटायची. तेव्हा त्यांनी जुनी युक्ती काढली. लिहिता येत नव्हतं त्या काळात ते माल जागेवरून लक्षात ठेवायचे. डावीकडे बटाटा, मध्ये कांदा, उजवीकडे लसूण. जागा ठरली की विसरायचं कारण नाही!

ते थेट यार्डात गेले आणि तीन जुने सोबती गोळा केले. हमालांचा मुकादम जयसिंग झाला झ्यूस, देवांचा राजा. तापट रामदास झाला पोसायडन, समुद्राचा देव. आणि कांदा निवडणाऱ्या आनंदीबाई झाल्या अथीना, अकलेची देवी.

"भाषणाला पुढच्या रांगेत याच क्रमानं बसायचं. बाकी काही करायचं नाही," संपतराव म्हणाले.

पण माणसाला एकदा देव केलं की तो गप्प बसतो का? आठ दिवस तिघांनी आपापली गोष्ट संपतरावांकडून खोदून खोदून ऐकली. सगळ्यात आवडली ती लढाई संपवून समुद्रातून घरी निघालेल्या राजाची: त्यानं पोसायडनच्या राक्षस पोराचा एकुलता डोळा फोडला, म्हणून पोसायडन त्याची वाट अडवतो आणि अथीना त्याची पाठ राखते. रामदास तर यार्डात पाण्याच्या टँकरलासुद्धा हुकूम सोडायला लागला!

शनिवारी पाच वाजता सभागृह भरलं. संपतराव हातपाय धुवायला मागे गेले आणि तेवढ्यात घात झाला. पुण्यात माणूस एक वेळ जमीन सोडेल, पण पंख्याखालची खुर्ची सोडणार नाही. केतकर आले आणि त्यांना आपल्या खुर्चीत जयसिंग दिसला.

"ही जागा माझी आहे. गेली एकोणीस वर्षं."

जयसिंगची रवानगी दारापाशी झाली. मग एका बाईंना आनंदीबाईंच्या मोठ्या अंबाड्यामुळे दिसेना, म्हणून आनंदीबाई आणि रामदास यांची अदलाबदल झाली.

संपतराव बाहेर आले. गर्दी दिसली की ते गोंधळायचे, म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. समोर सगळं धुकं! पण फिकीर कसली? जागा पक्क्या होत्या ना!

"मंडळी!" ते गरजले. "डावीकडून सुरुवात करू. हा बघा झ्यूस!" आणि त्यांनी बोट रोखलं नेमकं केतकरांवर. "देवांचा राजा! जगाला नियम सांगतो, स्वतः एक पाळत नाही. बायको घरी, आणि हा रूपं बदलून दुसऱ्यांच्या दारात! कधी बैल होतो, कधी हंस!"

केतकरांचा चेहरा लाल. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून केतकरांच्या पत्नीचा कोरडा आवाज आला, "हंस जमायचा नाही. बैलाचं बघा."

हास्याचा असा स्फोट झाला, की पंखासुद्धा थबकल्यासारखा वाटला. संपतरावांना वाटलं, भाषण रंगलं! ते पुढे निघाले. मधल्या जागेकडे हात करून म्हणाले, "हा पोसायडन! समुद्र याच्या मुठीत! दाढीतून पाणी गळतंय!"

"संपतभाऊ!" आनंदीबाई ताडकन उठल्या. "मला दाढी कुठली? मी अकलेची हाय!"

"राहू दे," उजवीकडून रामदास म्हणाला. "अक्कल मी सांभाळतो."

"तुला झेपायची नाही!"

"ए संपत!" दारातून जयसिंग ओरडला. "झ्यूस मी आहे! तो पंख्याखालचा माणूस कोण?"

संपतरावांनी घाईनं चष्मा चढवला आणि पायाखालची फरशी सरकली. थप्प्या कोसळल्या! झ्यूसच्या जागी केतकर! पुढचं एक अक्षर आठवेना. केतकर घड्याळ बघत होते. कार्ड पुढच्या वर्षी!

पण देव थांबायला तयार नव्हते.

"त्या दर्यावर्दी राजाला मी घरी जाऊ देणार नाही!" रामदास पोसायडनच्या आवेशात ओरडला. "माझ्या पोराचा डोळा फोडला त्यानं!"

"आणि तुझ्या पोरानं त्याची माणसं खाल्ली ती?" आनंदीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "जाणार म्हणजे जाणारच तो. मी नेणार!"

"अहो, सोडा त्या राजाला!" एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "बायको वीस वर्षं वाट बघतेय बिचारी!"

"शिस्त म्हणजे शिस्त!" मागून कुणीतरी. "देवाच्या पोराला हात लावलाच कशाला?"

बघता बघता सभागृहाचे दोन तट पडले. संपतराव कोपऱ्यात उभे. शेवटी केतकरांना राहवलं नाही. त्यांनी टेबलावरची घंटा बडवली.

"शांतता! पोसायडन, आपण खाली बसा. राजाला पुरेशी शिक्षा झालेली आहे. त्याला घरी जाऊ द्यावं. हा माझा निर्णय!"

आणि संपतरावांच्या डोक्यात सगळे दिवे लागले!

"बघितलंत?" ते पुढे झाले. "हेच! ग्रीकांच्या गोष्टीत झ्यूस हेच करतो! मंडळी, तुम्ही विचारलंत, देवांचं कार्य काय? आत्ता झालं ते. त्यांचे देव आपल्यासारखेच. त्यांना मान लागतो, राग धरतात, एकेक माणूस वाटून घेतात आणि त्याच्यावरून भांडतात. रामदासचा राग म्हणजे वादळ, आनंदीबाईंची माया म्हणजे वाऱ्याची साथ. वरती खुर्चीवरून भांडण आणि खाली होडी फुटते माणसाची! पण एक सांगतो. वादळ देवांनी आणलं, वाट देवांनी दाखवली, तरी वल्हं त्या राजानंच मारलं. हात त्याचेच सोलले. म्हणून गोष्ट देवांची नाही राहिली, त्याची झाली!"

टाळ्या थांबेनात. जयसिंगनं दारातून शिट्टी मारली. केतकरांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. बरोबर पंधरा मिनिटं! नियम म्हणजे नियम. त्यांनी कार्ड काढलं, सही केली आणि म्हणाले, "गोंधळ होता. पण ऐकण्यासारखा होता." केतकरांच्या तोंडून हे म्हणजे पदकच!

संपतराव कपाटापाशी गेले. त्यांची छाती गोणीसारखी भरली होती. सगळं सभागृह बघत होतं. अशा वेळी पातळ पुस्तक उचलणं शोभतं का? त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक ओढलं, ज्याच्या पुठ्ठ्यावर हातात वीज घेतलेला दाढीवाला होता. नाव न वाचता, आत न बघता काखेत मारलं, रजिस्टरवर ठळक सही केली आणि मार्केट यार्डाजवळच्या घरापर्यंत मिरवणुकीसारखे चालत आले.

घरी राधाबाईनं पुस्तक उघडलं. दोन पानं उलटली.

"अहो, हे इंग्रजी आहे."

संपतरावांनी पुस्तक घेतलं, सरळ धरलं, उलट धरलं. खरंच इंग्रजी!

"बदलून आणा मग."

"पंधरा दिवस बदलता येत नाही," ते हळूच म्हणाले. "नियम आहे."

"इंग्रजीत अक्षरं किती?"

"सव्वीस."

"आणि दिवस पंधरा," राधाबाई म्हणाली आणि पाटी आणायला उठली. "रोज दोन दोन करा. दोन दिवस उरतात, त्यात पुस्तक वाचा!"