बास नको म्हणणारा ड्रमवाला

आमचे घरमालक हसूदादा कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय घेत नाहीत. नारळ आणि कलिंगड काय, सगळेच वाजवून घेतात. हसूदादा फ्रिज वाजवून घेतात. करावे गावातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा त्यांनी ना आमचे कागद बघितले, ना पगार विचारला. माझ्या नवऱ्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं, त्यावर दोन बोटांनी टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "बरा हाय. ऱ्हावा." हेल्मेट हलक्या प्रतीचं असतं तर आम्ही आज जुईनगरला असतो.

दादा साठीला आलेत. गेली चाळीस वर्षं ते बेंजो पार्टीत ड्रम वाजवतात. आगरी-कोळ्यांची हळद असली की बेंजो आलाच, आणि आमच्या पट्ट्यात बेंजो आला की हसूदादा आलेच. हातात काठ्या नसतील तेव्हा ते तोंडाने वाजवतात. "धिंग-च्याक, धिंग-च्याक" हे त्यांच्या जबड्यातून अखंड चालू असतं. जेवताना चालू, सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालू. एकदा मयताला गेले होते तिथेही चालू होतं, फक्त जरा संथ.

तर हे दादा एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभे. म्हणाले, "वैनी, तुमी इंग्लिश वाचताव ना?"

मी बेलापूरला विम्याच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे जगातलं सगळं इंग्लिश मला येतं अशी त्यांची समजूत आहे. प्रकरण असं होतं की कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ सांगितलं होतं, डावा कान बराच गेलाय, आता कान झाकून वाजवा नाहीतर वाजवणं बंद करा. झाकायला काय, तर इन-इअर मॉनिटर. म्हणजे स्टेजवर वाजवणाऱ्याने कानात खोल घालायची बोंडं. बाहेरचा गोंगाट बंद होतो आणि साउंडवाला जे पाठवेल तेवढंच ऐकू येतं.

"तुळशीचा लगीन झाला कं सीझन चालू," दादा म्हणाले. "त्याच्या आधी पायजे. स्टेजवर पन घालीन आनि घरान पन घालीन."

"घरात कशाला?"

"हाय एक काम," म्हणाले, आणि धिंग-च्याक सुरू झालं.

मी हौशीने आठवडाभर इंटरनेट वाचून काढलं. एकाहून एक मॉडेलांची यादी केली. वाशीच्या पहिल्याच दुकानात त्या यादीचं काय झालं ते ऐका. ड्रमर म्हटल्यावर सेल्समनची कळी खुलली. "काका, हा पीस बघा. बास असा आहे ना, छाती हलेल!" दादांनी आधी खोका वाजवला. मग बोंडं काचेच्या काउंटरवर हलकेच आपटून बघितली. सेल्समनचा जीव खाली-वर झाला. मग दादांनी खिशातून मोबाइल काढला, वायर जोडली, आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि अर्ध्या-एक मिनिटाने बोंडं परत दिली.

"नाय. बास नको."

"काका, बास काढला तर ड्रम ऐकायला येणार नाही."

"तेच पायजे."

सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तेच, वर त्या दुकानदाराने "काकांना आराम द्या" असं मला बाजूला घेऊन सांगितलं. चौथं दुकान सीवूड्सच्या मॉलमधलं. तिथल्या मुलीने बिचारीने पाच मापांची रबरं काढून दिली, पण दादांचा जबडा सतत वाजत असल्यामुळे एकही बोंड कानात टिकेना. शेवटी एक रबर कानातच राहिलं आणि ते काढायला शेजारच्या ब्यूटी पार्लरमधून चिमटा आणावा लागला. दादा चिमट्याखालीही धिंग-च्याक करत होते. दुकानाबाहेर तोबा गर्दी जमली होती.

मला हसू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. चार रविवार गेले होते. फूड कोर्टमध्ये चहा पुढ्यात आल्यावर मी म्हटलं, "दादा, आता स्पष्ट बोलते. तुम्ही त्या भिंतीकडे तोंड करून काय ऐकता ते मला दाखवा, नाहीतर पुढचं दुकान तुमचं तुम्ही बघा."

दादांनी चहाचा कप दोनदा वाजवला. मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

हळदीचा व्हिडिओ होता. मांडवात धवलारणी बसलेल्या, म्हणजे लग्नात धवल्याची पारंपरिक गाणी गाणाऱ्या बायका. मधली गोरीगोमटी, हळदीने माखलेली, जोरात गात होती. गात होती हे तोंडावरून कळत होतं, कारण ऐकू येत होता तो फक्त ड्रम. शेवटी ती वळून ड्रमकडे बघते, हसते, काहीतरी बोलते, आणि व्हिडिओ संपतो.

"ही गुलाब," दादा म्हणाले. "आमची मंडली."

गुलाबवैनी आम्ही राहायला येण्याच्या आधीच वारल्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं.

"तिचा गाना असलेला यो एकच व्हिडिओ. मंग सा म्हयन्यात गेली. ती माज्याकडं बगून काय बोलली, वैनी? तीन वर्सां झाली, कलत नाय. आत्याला इचारला, ती बाजूलाच बसलेली. ती बोलली, येवऱ्या गोंगाटान कोनाला ऐकू येनार." दादांनी फोन खिशात घातला. "गोंगाट माजाच व्हता."

एवढा वेळ मी ज्या माणसाला मनातल्या मनात चक्रम म्हणत होते, त्याच्यापुढे मी चहाचा कप खाली ठेवला. मला फार लाज वाटली.

आता मात्र मी पेटले. तयार मापाची बोंडं बसत नाहीत तर कानाचा साचा घेऊन बनवायची, आणि अशी की गळ्याचा आवाज पुढे येईल, ड्रम मागे जाईल. वाशीला साचा घेणाऱ्या एक बाई सापडल्या. त्यांनी कानात गुलाबी लगदा भरला आणि सांगितलं, "पाच मिनिटं तोंड हलवायचं नाही."

ऐकतील ते हसूदादा कसले. पाच मिनिटं लगदा सुकत होता आणि पाच मिनिटं जबडा धिंग-च्याक करत होता. पंधरा दिवसांनी बोंडं आली, ती दादांचं तोंड वाजत असेल तेव्हाच घट्ट बसत. तोंड थांबलं की खाली पडत. बाई म्हणाल्या, त्यांच्या एवढ्या वर्षांत असा साचा आला नव्हता. दुसऱ्या वेळी त्यांनी दादांच्या दातात एक ठोकळा दिला आणि मी समोर बसून डोळे वटारले. दादांनी ठोकळा दातांनी एकदा वाजवून बघितलाच, पण तेवढ्यावर भागलं.

नवी बोंडं तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आली. दादांनी ती मुद्दाम हळदीच्या रंगाची करून घेतली होती. आमच्या गॅलरीत खुर्चीवर बसून त्यांनी ती कानात घातली. खाली कोळीण बोंबील विकत ओरडत होती, शेजारी मिक्सर चालू होता, दादांना काही पत्ता नव्हता. त्यांनी व्हिडिओ लावला. आणि मी पहिल्यांदा त्यांचा जबडा थांबलेला बघितला.

त्यांनी तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग एक बोंड काढलं.

"आला?" मी विचारलं. माझ्या कानात ते बसणार नव्हतं, मला त्यांच्या तोंडाकडे बघत राहणं भाग होतं.

"आला."

"काय म्हणाल्या?"

दादा हसायला लागले. इतके हसले की खुर्ची हलायला लागली. "बोलली, अवो, जरा हलू वाजवा. मना माजाच आवाज येत नाय." डोळे पुसत म्हणाले, "वैनी, तीन वर्सां मी इचार करतोय, जाता जाता काय तरी खास बोलली असंल. आनि ही तेच बोलते, जे रोज घरान बोलायची!"

मीही हसले. मग हसता हसता मी उठून आत गेले आणि उगाचच डबे आवरत बसले.

त्या आठवड्यात उरणला त्यांच्या पुतण्याची हळद होती. आम्हाला आग्रहाचं आमंत्रण होतं. संध्याकाळी मांडवात धवलारणी बसल्या, त्यांच्यापुढे नावापुरता एक माईक ठेवलेला. साउंडवाल्याने दादांना विचारलं, "दादा, कानात काय काय देऊ? बेंजो, किक, कीबोर्ड?"

"धवलारनींचा माईक दे."

"आणि?"

"आनि काय नको."

साउंडवाला माझ्याकडे बघायला लागला. या वेळी मी पंख्याकडे बघितलं नाही. "ते म्हणतात तसं करा," मी म्हटलं.

हळद लागली. दादा वाजवत होते, पण काठ्या कातड्याला जेमतेम टेकत होत्या. नाचायला आलेली मंडळी ओरडायला लागली, "हसूदादा, वाढवा की! झोपलाव कं?" दादांच्या कानात ते पोचतच नव्हतं. ते मान खाली घालून बायकांचं गाणं ऐकत होते. आणि धवला मांडवाबाहेर, पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. मी रडत होते हे नवऱ्याला दिसू नये म्हणून मी हळदीचं ताट बघायला वाकले.

गाणं संपल्यावर थोरली आत्या उठून ड्रमपाशी आली. तिने दादांच्या कपाळाला हात लावला. दादांनी बोंडं काढली.

"हसू, बरा नाय कं तुला? आज वाजवलासच नाय."

"बरा हाय गो आत्या," दादा म्हणाले. "हलू वाजवा बोलून निरोप व्हता. मना जरा उशिरा पोचला."